मधल्या इमारतीची तटस्थता

आमच्या घरात रोज संध्याकाळी युरोपचं संरक्षण होतं. आमचे हे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले तेव्हापासून ह्यांच्यावर कसलीच जबाबदारी उरली नाही, त्यामुळे जगाची आली. टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी ओरडत असतात आणि हे त्यांना पाचवे म्हणून उत्तरं देतात. फिनलंडनं काय केलं, स्वीडननं किती वेळ घालवला, युक्रेनचं नेमकं कुठे चुकलं, हे सगळं मला पोळ्या लाटता लाटता ऐकावं लागतं.

"वर्षानुवर्षं तटस्थ राहिले. पण शेजारी अंगावर यायला लागला तेव्हा गेले की नाही युतीत? एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. ह्याला म्हणतात सामूहिक सुरक्षा."

"ताट घ्या," मी म्हणते.

"तुला ह्यातलं गांभीर्य कळत नाही."

गांभीर्य मला कळतं. मला एवढंच कळत नव्हतं, की फिनलंडला इतकं स्पष्ट सांगणारा माणूस आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून खुर्चीत बसला की त्याच्या तोंडातून एकदम स्वित्झर्लंड कसं बोलायला लागतं.

भाईंदरला आमच्या गल्लीत तीन जुन्या इमारती एका ओळीत उभ्या आहेत. चार मजली, बिनलिफ्टच्या, एकाच बिल्डरनं एकाच घाईत बांधलेल्या. आमची मधली. तिन्हींच्या मागे एक लांब मोकळी पट्टी आहे, पट्टीच्या पलीकडे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे टॉवर. टॉवरला क्लबहाऊस आहे, पोहण्याचा तलाव आहे, गेटवर गणवेशातले वॉचमन आहेत. आमच्याकडे ती पट्टी आहे. पट्टीत जायचं फाटक तिसऱ्या इमारतीच्या बाजूला, अगदी टोकाला.

ह्या पट्टीवर माझं पोट आहे. मी उन्हाळ्यात वाळवणाची ऑर्डर घेते. कुरडया, पापड, सांडगे, आणि मसाल्यासाठी मिरच्या. काशीमीऱ्यापासून दादरपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. गच्चीवर वाळत घालायला काय झालं, असं लोक विचारतात. त्यांनी एकदा भाईंदरच्या गच्च्या वरून पाहाव्यात. गळती थांबवायला सगळ्या जुन्या इमारतींनी डोक्यावर पत्र्याची टोपी घातली आहे. गच्ची आहे, पण तिला आकाश नाही. तेव्हा ऊन म्हणाल तर ते ह्या पट्टीवर, सकाळपासून दुपार कलेपर्यंत.

माझ्यासारख्याच आणखी दोघी. पहिल्या इमारतीतल्या बेन खिचिया पापड करायच्या. तिसऱ्या इमारतीत एक कोळीण राहते, मूळची तारोडीची, सुनेची नोकरी इकडे म्हणून फ्लॅटमध्ये आलेली. तिला सगळे मावशी म्हणतात. ती दोरीवर बोंबील वाळवते. आम्हा तिघींचं एकमेकींशी गूळपीठ होतं अशी कोणाची समजूत होऊ नये. बेनना बोंबलांचा वास चालत नव्हता, मावशीला बेनचं नाक मुरडणं चालत नव्हतं, आणि मला दोघींचं माझ्या खाटांच्या मधून जाणं चालत नव्हतं. ज्याची त्याची पट्टी ज्याच्या त्याच्या इमारतीमागे, आणि कावळे सगळ्यांचे.

गेल्या उन्हाळ्याआधी टॉवरनं पहिल्या इमारतीमागची भिंत पाडली. भिंत कललेली होती हे खरं. दुरुस्ती करतो म्हणाले आणि नवी भिंत उभी केली ती थेट पहिल्या इमारतीच्या खिडक्यांखाली. त्यांच्या मागची सगळी पट्टी टॉवरच्या पोटात गेली. तिथे आता जॉगिंग ट्रॅक आहे. लाल रंगाचा.

पहिल्या इमारतीची माणसं आमच्याकडे आली. तिन्ही सोसायट्यांनी मिळून तक्रार करू, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या कमिटीची तातडीची सभा भरली. मी नव्हते. मी गव्हाचा चीक ढवळत होते आणि चीक अर्धा शिजलेला असताना युद्ध झालं तरी उठता येत नाही. सभेचा वृत्तांत ह्यांनीच घरी येऊन सांगितला, फार समाधानानं.

"आपण ठराव केला, की आपली सोसायटी ह्या वादात तटस्थ राहील. दोन्ही बाजूंशी आपले सलोख्याचे संबंध आहेत. उद्या गरज पडली तर आपण मध्यस्थी करू शकतो."

"कोणी सांगितलंय मध्यस्थी करायला?"

"अजून नाही सांगितलं. पण सांगतील."

"आणि भिंत?"

"भिंत त्यांच्या मागची आहे. आपल्या नाही."

तिसऱ्या इमारतीनंही तसाच ठराव केला. शब्दही तेच, कारण आमचा ठराव त्यांच्या सेक्रेटरीनं व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता.

त्यानंतर आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आली. सत्काराला दरवर्षी कोणीतरी लागतं. त्या वर्षी टॉवरच्या चेअरमनना बोलावलं. शाल, श्रीफळ, फोटो. ह्यांचं म्हणणं असं, की मोठ्या शेजाऱ्याला मान दिला की तो मान राखतो. मग तिसऱ्या इमारतीला वाटलं आपण मागे पडलो. त्यांनी हनुमान जयंतीला बोलावलं, शाल जरा भारीतली घेतली. चेअरमन आपलेच, मराठी, गोड बोलणारे. प्रत्येकाला वहिनी म्हणतात. त्यांनी दोन्ही ठिकाणी भाषण केलं आणि दोन्ही ठिकाणी शेजारधर्मावर बोलले. पहिल्या इमारतीची माणसं आपापल्या बाल्कनीतून ऐकत होती. खिडक्या त्यांनी बंद ठेवल्या असाव्यात, कारण खिडकी उघडली की आता टॉवरमधले लोक घाम पुसत समोरून पळत जातात.

बेनचे पापड त्या वर्षी पंख्याखाली वाळले. म्हणजे वाळले नाहीत. नंतर त्यांनी ऑर्डर घेणंच सोडलं.

ह्या वर्षी संक्रांत झाली आणि एका सकाळी मी पट्टीत गेले तर तिसऱ्या इमारतीमागे जमिनीवर चुन्याची रेघ. सुतळी बांधून, सरळ, खिडक्यांच्या अगदी खाली. आमच्या मागे रेघ नव्हती. रेघ आमच्या हद्दीशी येऊन थांबली होती, शिस्तीत.

त्याच संध्याकाळी चेअरमन आमच्या घरी आले. बरोबर मिठाईचा बॉक्स. मी चहा ठेवला.

"वहिनी, तुमच्या मिरच्यांचं काम मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आमची सौ. तुमचाच मसाला वापरते. म्हणून मी आमच्या कमिटीला स्पष्ट सांगितलं, मधल्या सोसायटीच्या पट्टीला हात लावायचा नाही. शब्द माझा."

हे इतके भारावले की त्यांनी बॉक्स उघडून पहिला पेढा चेअरमननाच भरवला.

"फक्त एक," चेअरमन पेढा खाता खाता म्हणाले. "तिसऱ्या सोसायटीमागे काम सुरू होईल. त्याला तुमच्या सोसायटीची हरकत नाही, एवढं लिहून दिलंत तर बरं. तुम्ही तसेही तटस्थच आहात."

"अगदी," हे म्हणाले. "ते आमचं धोरणच आहे."

ते गेल्यावर हे खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "बघितलंस? ह्याला वाटाघाटी म्हणतात. एक वीटसुद्धा न हलता आपली पट्टी वाचली."

"पट्टीत जायचं कुठून?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"फाटक तिसऱ्या इमारतीमागे आहे. ते गेलं की डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, समोर भिंत. माझ्या खाटा काय खिडकीतून खाली सोडू? आणि ती नवी भिंत पाहिलीत ना पहिल्या इमारतीमागची, केवढी उंच आहे? तिन्ही बाजूंनी तेवढी उभी राहिली की मधे ऊन येईल ते अकरानंतर येईल आणि लगेच जाईल. मला पट्टी नाही, विहीर मिळणार आहे."

हे थांबले. ह्यांनी विहिरीचा विचार केला नव्हता.

"पण त्यांनी शब्द दिलाय."

"तुमच्या त्या टीव्हीवरच्या शेजाऱ्यानं नव्हता दिला का शब्द? रोज तर सांगता."

"ते वेगळं आहे. ते आंतरराष्ट्रीय आहे." पण हरकत नसल्याचं पत्र ह्यांनी लिहिलं नाही.

मला पहिल्या इमारतीचा फार कळवळा आला होता किंवा तिसऱ्या इमारतीवर माझं प्रेम होतं, असं इथे लिहिणं सोपं आहे. पण मी हिशेब केला आणि हिशेब असा होता, की तिसरीची पट्टी गेली तर माझा उन्हाळा गेला. बस. मला वाटतं, तटस्थ देशांच्या मोठ्या मोठ्या घोषणांच्या मागेही शेवटी एखादी बाई असाच विचार करत असेल, की फाटक कोणत्या बाजूला आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन बेनकडे गेले. बेननी दार उघडलं, मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आओ," त्या म्हणाल्या. "शाल लाये हो क्या? हमारे यहाँ सत्कार बाकी है."

"बेन, बसू तर द्या."

"बैठो ना. मेरा सब चला गया तब तुम्हारे साहब भाषण सुन रहे थे. अब तुम्हारे आंगन में चुना पड़ा तो बेन याद आयी."

मावशी मधेच म्हणाली, "चुना हिच्या न्हाय, माझ्या आंगनात पडलाय. बोलायचा ता मना बोल."

"तुमको भी बोलती हूँ. तुम्हारे बिल्डिंग ने तो हनुमानजी के सामने शाल दी."

"मी व्हती का थय? मी बाजारात व्हती."

दोघी मग खिडकीपाशी गेल्या. खाली लाल ट्रॅकवर एक गृहस्थ हात झटकत चालले होते. मावशीनं बराच वेळ पाहिलं. "ह्या पलतात कनाला?" तिनं विचारलं. "मागं कोन लागलाय?" बेन हसल्या. नको असताना हसल्या, पण हसल्या, आणि मग त्यांनी ताक आणलं.

करार असा झाला. आमच्या वाळवणाची राखण आजवर जी ती आपली करायची. कावळे हाकायला, मांजर हाकायला, आपण नसू तर घरातलं कोणी. ह्यापुढे राखण एकत्र. जिची पाळी, ती काठी घेऊन फाटकापाशी बसेल आणि सगळ्यांच्या खाटा सांभाळेल. कावळा कोणाच्या खाटेवर बसला हे विचारायचं नाही, उठवायचं. आणि माणूस आला, तरी तेच.

सगळ्यात जास्त वेळ बोंबलांवर गेला. खिचियाच्या वाऱ्यावर बोंबील नकोत, हे बेनचं म्हणणं. बोंबलांना वारा लागतोच, हे मावशीचं. मी म्हटलं बोंबलांची दोरी फाटकाच्या टोकाला, कारण दुपारचा वारा तिकडूनच बाहेर जातो. मावशी म्हणाली, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याला पहिले माझे बोंबील दिसणार. मी म्हटलं, तेच तर पाहिजे. आणि बेनना पट्टीच नाही, तर त्यांच्या खाटा माझ्या भागात. हे मी बोलून गेले आणि बोलताना मला बरं वाटलं नाही, कारण माझ्या जागेतली किती जागा जाते हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण पट्टी गेलेलीला फक्त राखणीला बोलवायचं आणि ऊन द्यायचं नाही, हा करार कोणी केला असता?

कमिट्यांना आम्ही काही कळवलं नाही. त्यांनी ठराव केला असता.

पुढच्या आठवड्यात मजूर आले. फावडी, घमेली, एक मुकादम. सकाळीच आले, पण आम्ही त्याआधी उतरलो होतो. चुन्याच्या रेघेवर, रेघेच्या अलीकडे, पलीकडे, भिंतीच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे खाटा, चटया, साड्या. साड्यांवर कुरडया आणि खिचिया. फाटकाच्या दोन्ही खांबांना दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील, जोड्याजोड्यांनी. पाळी मावशीची होती. ती स्टूल टाकून मधोमध बसली होती.

मुकादमानं बोंबलांखालून वाकून आत पाहिलं. मजुरांनी पाहिलं. एकानं चप्पल काढली आणि मग पुढे पाय कुठे टाकायचा ते न सुचून तसाच उभा राहिला. अन्नावर पाय कोण देणार? चुन्याच्या रेघेवर कोणीही पाय देतं, पापडावर देत नाही. मुकादमानं फोन लावला.

चेअरमन आले ते ट्रॅकसूटमध्येच.

"वहिनी, हे काय? आपलं बोलणं झालं होतं."

"हो की. वाळवण आहे."

"हे जरा उचलून घ्या. मजूर खोळंबलेत."

"घेते ना. वाळलं की घेते."

"कधी वाळेल?"

"हे झालं की सांडगे आहेत. सांडगे झाले की मिरच्या. मिरच्यांना वेळ लागतो."

ते हसले. मग त्यांनी ते केलं, ज्याची मला भीती होती. ते एकेकीकडे वळले. आधी बेनकडे, हिंदीत, अगदी मऊ आवाजात. तुमच्या सोसायटीच्या मागचा भाग आम्ही परत बघू शकतो, बोलता येईल, तुम्ही ह्यात कशाला पडता? पाळी नसतानाही बेननी काठी आणली होती, ती हातातच थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांचं जे गेलं होतं ते परत मिळणार असतं तर मी त्यांच्या जागी काय केलं असतं, हे मला माहीत होतं.

"भिंत तोड दो," बेन म्हणाल्या. "अभी. मजूर आये हुए हैं. वो तोड़ दो, मैं ये उठाती हूँ."

चेअरमन म्हणाले, असं लगेच होत नसतं, प्रोसिजर असते.

"तो मेरा पापड का भी प्रोसिजर है," बेन म्हणाल्या आणि कावळा नसताना काठी आपटली.

मग ते मावशीकडे वळले. मराठीत. "तुम्ही ज्यांच्यासाठी बसलात ना, त्यांच्याच सोसायटीनं तुमच्या बोंबलांच्या वासाची तक्रार केली होती महानगरपालिकेत. माहीत आहे का तुम्हाला?"

हे खरं होतं. तक्रारीखाली सही आमच्या ह्यांची होती.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग त्यांच्याकडे. "म्हायती हाय. हिच्या नवऱ्यानं केली. त्याचा मी बघीन, ता आमचा घरातला हाय. तू कोन?"

चेअरमनना बहुधा कित्येक वर्षांत कोणी तू म्हटलं नव्हतं. ते निघाले. निघताना वाकायला विसरले आणि बोंबील त्यांच्या कपाळाला लागले.

मजूर सावलीत बसून राहिले. मी त्यांना चहा पाठवला आणि भट्टी पेटवली. मला त्या दिवशी मसाल्याच्या मिरच्या भाजायच्याच होत्या. एरवी मी त्या आमच्या जिन्याजवळ भाजते. त्या दिवशी भिंतीजवळ भाजल्या, जागा तेवढीच होती म्हणून. वाऱ्याचं मी काही सांगत नाही. जॉगिंग ट्रॅकवरून खोकला सुरू झाला, मग क्लबहाऊसमधून, मग वरच्या बाल्कन्यांमधून. टॉवरच्या ग्रुपवर त्या दिवशी काय काय लिहून आलं ते मला एका गिऱ्हाइकानं दाखवलं. भिंत हवी की नको ह्यावर त्यांच्यात प्रथमच मतभेद झाले होते.

चार दिवसांनी आमचे पुरुष उतरले. तिन्ही सोसायट्यांचे सेक्रेटरी, धुतलेल्या शर्टांत. बायका तिथे आहेत आणि कोणाला काही झालेलं नाही, हे नीट पाहून झाल्यावर. ह्यांनी पट्टीत उभं राहून छोटंसं भाषण केलं. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे आमच्या सोसायटीचं पहिल्यापासूनचं धोरण आहे, असं ते म्हणाले. बोंबलांच्या तक्रारीवर मावशी ह्यांच्याशी काय बोलली ते मी लिहीत नाही. ती तक्रार मागे घेतल्याचं पत्र मात्र ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

तिन्ही सोसायट्यांनी मिळून जागेच्या सरकारी मोजणीचा अर्ज केला. एकट्या पहिल्या इमारतीनं केला होता तेव्हा तो कुठेतरी पडून होता. तिघांच्या सह्या पाहिल्यावर टॉवरच्या कमिटीला जुनी भिंत चांगली वाटू लागली. त्यांनी ती जागच्या जागी डागडुजी करून घेतली, तिसऱ्या इमारतीमागची आणि आमच्या मागचीही. चेअरमन आता मला वहिनी म्हणत नाहीत. मॅडम म्हणतात. त्यांच्या सौ. मसाला अजून माझाच नेतात, फक्त मोलकरणीला पाठवतात.

पहिल्या इमारतीमागची भिंत जिथे होती तिथेच आहे. मोजणीची तारीख पडते, मोजणारे येत नाहीत. ह्यांच्या मते प्रकरण योग्य दिशेनं चाललं आहे. बेननी मला एकदा विचारलं, तुम्ही तेव्हाच आला असता तर? मी म्हटलं, तेव्हा आलो असतो तर ती भिंत झाली नसती.

आता त्यांच्या खाटा माझ्या पट्टीत असतात. मी मनात धरलं होतं, त्यांना कडेची जागा द्यावी, जिथे पाइपची सावली पडते. पहिल्याच दिवशी त्या माझ्या आधी उतरल्या आणि खाटा बरोबर मधे मांडल्या, जिथे ऊन सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं. मी कुरडयांचं पातेलं घेऊन उभी.

"बेन, ही माझी जागा."

"मालूम है," त्या म्हणाल्या. "अच्छी जगह है. मेरी भी ऐसी ही थी."

मी माझ्या ऑर्डरी ह्या वर्षी कमी घेतल्या आहेत. पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या खाटा पाइपकडे सरकवल्या.